रिडिम : ताल, चाल की लेहरा?

प्रश्न असा आला आहे : ‘जमैकाच्या डान्सहॉल संगीतातला एक जुना रिडिम इतक्या वर्षांनी विनाइलवर निघाला’ हे वाक्य मराठीत लिहिताना रिडिमला ताल म्हणावं की चाल? आणि तो रिडिम की ती रिडिम?

‘ताल’ चटकन सुचतो, कारण रिडिम हा ‘ऱ्हिदम’चाच जमैकन उच्चार. पण तिथे अर्थ बराच पुढे गेला आहे. रिडिम म्हणजे गायकाचा आवाज वगळून उरतं ते सगळं : ड्रम, कीबोर्ड आणि मुख्य म्हणजे फिरून फिरून येणारी बेसची ओळ. त्याला स्वतःचं नावही असतं, अनेकदा गाण्याच्या नावाहून वेगळं. संगीत निर्माते स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन यांच्या टाळ्यांच्या रिडिमचं नाव तर चक्क ‘दिवाळी’! शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ आणि वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ ही दोन्ही गाणी त्याच्यावर बांधलेली. ‘गेट बिझी’ 2003 साली अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत पहिलं आलं. दोन्ही लागोपाठ ऐका : टाळ्या त्याच, गळ्यातली सुरावट मात्र निराळी.

‘चाल’ इथेच अडते. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असे. तिथे सूर ठरलेले, शब्द नवे. रिडिमवर शब्दही नवे आणि सूरही नवे.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो लेहरा. एकल तबलावादनात हार्मोनियम किंवा सारंगी एकच छोटी सुरावट आवर्तनामागून आवर्तन धरून ठेवते आणि तिच्या आधाराने तबलजी कायदे, रेले, तुकडे मांडतो. जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, ते धरून ठेवण्याचं काम बेसकडे, आणि तबलजीच्या जागी गायक. ही तुलना समजावून सांगायला फार उपयोगी आहे, पण लिहिताना रिडिमच लिहावं. लेहऱ्याला आपलं स्वतःचं घर आहे. लिंग पुल्लिंगच, कारण ताल, ठेका, लेहरा हे त्याचे सगळे सोबती पुल्लिंगी. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘व्हर्शन’ लिहिलेलं असतं, तो बहुतेकदा गायकाविना रिडिम. त्याला ‘आवृत्ती’ म्हटलं की अर्थच हरवतो.

आता ‘विनाइलवर निघाला’. मराठीत रेकॉर्ड निघते. रिडिम निघत नाही, तो वाजतो, आणि अनेकदा रेकॉर्डच्या आधीच वाजलेला असतो. ‘स्लेंग टेंग’ या रिडिमचंच पाहा. कॅसिओच्या एमटी-40 या छोट्या कीबोर्डमध्ये हिरोको ओकुदा यांनी भरून ठेवलेला ‘रॉक’ ठेका गायक वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही यांना सापडला, निर्माते किंग जॅमी यांनी त्याची लय संथ केली, आणि फेब्रुवारी 1985 मध्ये ब्लॅक स्कॉर्पिओ या साउंड सिस्टीमबरोबरच्या (म्हणजे मोठे स्पीकर लावून लोकांसमोर रेकॉर्ड वाजवणाऱ्या चमूबरोबरच्या) सामन्यात तो लोकांसमोर आला. अशा सामन्यांत डबप्लेट लावतात : एकाच प्रतीची, मऊ लेपाची, वाजवता वाजवता झिजणारी तबकडी. दुकानातली सात इंची रेकॉर्ड ही त्यानंतरची पायरी.

म्हणून मी ते वाक्य असं लिहीन : ‘हा रिडिम लोकांच्या कानांवर कधीचाच होता, त्याची रेकॉर्ड आत्ता कुठे निघाली.’