वाचक विचारतात : झरोक्यात कमळ की सूर्यफूल?

प्रश्न : फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती चालू आहे. पश्चिमेकडील मुख्य दारावरच्या अर्धगोल झरोक्यात रंगीत काच बसवायची असून, ‘निसर्गाच्या भूमितीवर’ आधारलेली म्हणून कमळ आणि सूर्यफूल अशी दोन रेखाटने आम्हांला मिळाली आहेत. फुलाचे चित्र आणि फुलाची भूमिती यांत फरक काय, आणि यांतले कोणते घ्यावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : चित्रात फुलाचे रूप येते, भूमितीत त्याच्या वाढीचा नियम. सूर्यफुलात प्रत्येक नवे बी आधीच्या बीपासून सुमारे १३७.५ अंशांवर धरते. त्यामुळे जागा दाट भरते आणि दोन्ही दिशांची वळणे मोजल्यास बहुधा ३४ व ५५ भरतात. (आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा, अशा ज्या मालिकेतले हे आकडे, ती जैन पंडित हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात छंदांच्या मात्रा मोजताना मांडली होती.) बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चमध्ये वास्तुकार गौदींनी खांबांना झाडासारख्या फांद्या दिल्या, त्यामागेही छताचा भार बुंध्यात कसा उतरेल याचा हिशेब होता.

आमचे मत कमळाकडे झुकते. सूर्यफुलाची वळणे अर्ध्यात कापली की नियम दिसेनासा होतो, शिवाय तुकडे इतके बारीक होतात की काचेपेक्षा त्यांना जोडणारे शिसेच जास्त दिसते. कमळाच्या आठ पाकळ्या प्रत्येकी साडेबावीस अंशांच्या केल्या, तर अर्धवर्तुळ नेमके भरते. मात्र आठही टोके एकाच बिंदूत आणू नयेत. तिथे शिशाच्या पट्ट्यांचा गठ्ठा होतो आणि काचेची निमुळती टोके कापतानाच तुटतात, म्हणून मध्ये छोटी अर्धगोल चकती ठेवावी. पाकळीला आत वळलेला टोकदार कोनही नको, कारण काच कापायच्या हिरकणीने ओरखडा कसाही मारला तरी चीर त्या कोपऱ्यातून सरळ पुढे धावते. आकार असा सामानाच्या गुणानेच ठरतो; आपल्याकडच्या, काचेऐवजी शिंपले बसवलेल्या जुन्या खिडक्यांतही लाकडी पट्ट्यांमधले अंतर शिंपल्याच्या आकारावरूनच ठरे.

पश्चिमेच्या उन्हात तांबडा आणि पिवळा रंग संध्याकाळी फार भडकतो, म्हणून पाकळ्या फिक्या ठेवून गडद रंग कडेला न्यावा. पावसाचा मारा त्याच बाजूने होत असल्याने बाहेरून साधी काच लावावी. काच कापण्यापूर्वी कारागिराकडून पूर्ण मापाचा कागदी नमुना करून घ्यावा आणि तो झरोक्यात चिकटवून संध्याकाळी पाच वाजता ओसरीवरून पाहावा.