०.०१० मोलर सिल्व्हर नायट्रेट १.०० मोलर अमोनियात, मग मोकळे सिल्व्हर आयन किती उरतात?

इथे बहुतेक जण सुरुवातीलाच अडकतात, कारण सगळे सिल्व्हर मोकळे धरून एक्स किती जोडले गेले ते काढायला बसतात आणि समीकरण सुटतच नाही. उलटं करायचं. स्थिरता स्थिरांक, म्हणजे कॉम्प्लेक्स (सिल्व्हरला अमोनिया जोडून बनलेला आयन) ÷ (मोकळं सिल्व्हर × मोकळ्या अमोनियाचा वर्ग), १.७ × १०⁷ एवढा मोठा आहे ना, मग आधी सरळ धरून चाला की सगळं सिल्व्हर कॉम्प्लेक्समध्ये गेलं. एका सिल्व्हरला दोन अमोनिया, म्हणजे ०.०२० खर्च, उरला ०.९८. आता कॉम्प्लेक्समधून अगदी थोडं सिल्व्हर सुटतं, ते एक्स.

एक्स = ०.०१० ÷ (१.७ × १०⁷ × ०.९८²) = साधारण ६.१ × १०⁻¹⁰ मोलर.

०.९८ चा वर्ग विसरू नका हं, पेपरमध्ये मार्क तिथेच जातात. एक्स ०.०१० च्या मानाने नगण्य आलाय, म्हणजे आपलं गृहीतक बरोबर. पण जादा अमोनिया नसेल तर ही युक्ती चालत नाही, तेव्हा एकच अमोनिया जोडलेला आयनही हिशोबात घ्यावा लागतो, आणि द्रावण आम्लधर्मी असेल तर बराचसा अमोनिया अमोनियम होऊन बसतो, त्यामुळे आधी मोकळा अमोनिया किती ते काढा.