‘प्रोग्रॅमॅटिकली’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका टॉवेल युनिटच्या ऑफिससाठी मराठीत मॅन्युअल लिहायचंय. ऑर्डरची मेल आली की शीटमध्ये नोंद, मग पॅकिंगवाल्यांना मेसेज, असे बरेच वर्कफ्लो, म्हणजे एकामागून एक आपोआप होणाऱ्या कामांच्या साखळ्या, एन८एन नावाच्या टूलमध्ये बनवलेत आणि आता ते स्क्रीनवर एकेक उघडून क्लिक करत बसण्यापेक्षा एपीआयवरून, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला थेट काम सांगायच्या रस्त्याने, सांभाळायचेत. ‘मॅनेज वर्कफ्लोज प्रोग्रॅमॅटिकली’ या ओळीचं मशीनने ‘कार्यप्रवाह कार्यक्रमाद्वारे व्यवस्थापित करा’ असं करून दिलंय, ते चालेल का?

नाही चालणार हो. कार्यक्रम म्हटलं की आपल्याला मांडव, हारतुरे आणि दोन तास उशिरा येणारे पाहुणे दिसतात, आणि हल्ली राजकारणामुळे ‘कार्यक्रम करणे’ला जो अर्थ चिकटलाय तो तर विचारूच नका, स्टाफला वाटेल वर्कफ्लोंचा काटा काढायचाय. ‘आज्ञावलीद्वारे’ म्हणाल तर ते बरोबर आहे, परिभाषेत प्रोग्रॅमला आज्ञावली म्हणतातच, पण ऑफिसात कोण म्हणतंय?

मुळात मराठीला इथे वेगळं क्रियाविशेषण लागतच नाही. आपण कशाने केलं ते प्रत्ययात सांगून मोकळे होतो. हाताने केलं, स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रॅमने) केलं, झालं की! ‘प्रोग्रॅमॅटिकली’चा अख्खा अर्थ त्या एका ‘ने’मध्ये बसतो. फक्त प्रत्यय निवडताना जरा कान द्यायचा. ‘स्क्रिप्टने’ म्हटलं की स्क्रिप्ट हे हत्यार. ‘एपीआयवरून’ म्हटलं की तो रस्ता, जसं आपण फोनवरून कळवतो तसं. ‘एपीआयमधून’ म्हटलं की आतून काहीतरी बाहेर येतंय असं वाटतं, म्हणून ‘एपीआयमधून यादी आली’ छान पण ‘एपीआयमधून वर्कफ्लो बंद केला’ जरा अडखळतं. ‘करवी’ माणसांसाठी ठेवा, शिपायाकरवी निरोप धाडतात, स्क्रिप्टकरवी नाही. आणि ‘द्वारे’ सरकारी परिपत्रकाला राहू द्या, त्यांचं त्यावाचून भागत नाही.

म्हणजे तुमची ओळ होईल: ‘वर्कफ्लो एपीआयवरून सांभाळणे’. ‘कार्यप्रवाह’ नकोच, ऑफिसात सगळे वर्कफ्लोच म्हणत असतील तर मॅन्युअलमध्येही तेच लिहा.

पण खरं सांगू का, तुमच्या मॅन्युअलला धोका या शब्दाचा नाहीये, क्रियापदांचा आहे. तुम्ही नमुन्याला जी ओळ पाठवलीय ना, ‘महिन्याच्या शेवटी जुने वर्कफ्लो काढावेत’, तिथे मी थबकलो. काढणे म्हणजे काय? आपण यादी काढतो म्हणजे मिळवतो. दुकान काढतो म्हणजे नवीन सुरू करतो, बँकेत खातं काढतो तेही तसंच. आणि नोकरीवरून काढतो म्हणजे घालवतो. एकाच शब्दात आणणे, निर्माण करणे आणि घालवणे तिन्ही. बोलताना काही अडत नाही कारण समोरच्याला संदर्भ माहीत असतो, पण एपीआयला ही तीन वेगळी कामं आहेत, यादी मागायला गेट, नवीन बनवायला पोस्ट आणि उडवायला डिलीट. नवीन पोराने ती ओळ वाचून ‘काढावेत’चा अर्थ डिलीट घेतला आणि तुमच्या मनात फक्त यादी असली तर वर्कफ्लो गेले ना. त्यामुळे मॅन्युअलमध्ये एकटं ‘काढणे’ कुठेच ठेवू नका. ‘यादी मागवा’, ‘नवीन बनवा’, ‘डिलीट करा’ असं सरळ लिहा, डिलीटला मराठी शोधत बसायची गरज नाही, तो शब्द आता सगळ्यांना कळतो आणि वाचणारा जरा सावधही होतो. जाता जाता, यादी मागवली की सगळी एकदम येत नाही हेही तिथेच सांगा, एन८एन एका वेळी जास्तीत जास्त २५० देतं, न सांगितल्यास १००, आणि पुढचे हवे असतील तर उत्तरात आलेला कर्सर, म्हणजे यादी कुठवर आली त्याची खूण, परत पाठवावा लागतो.

दुसरा घोळ ‘चालू’चा. सोलापुरात हा समजवायला सोपा आहे. कारखानदाराला कोणी विचारलं ‘माग चालू आहेत का?’ तर लाईट गेलेली असली तरी तो ‘आहेत की’ म्हणतो, कारण विचारणाऱ्याला धंदा सुरू आहे का ते हवं असतं. आत्ता धोटा पळतोय का हे विचारायचं असलं तर ‘माग चाललाय का’ म्हणावं लागतं. वर्कफ्लोचं अगदी असंच आहे. अ‍ॅक्टिव्हेट केला म्हणजे तो चालू, मेल येईल तेव्हा पळायला तयार. रन झाला म्हणजे तो आत्ता एकदा पळाला. एन८एनच्या एपीआयमध्ये अ‍ॅक्टिव्हेट आणि डीअ‍ॅक्टिव्हेट हे वर्कफ्लोच्या आयडीवर चालणारे दोन कॉल (एपीआयला पाठवायच्या विनंत्या) आहेत, आणि बाहेरून एखादा वर्कफ्लो पळवायचाच असेल तर लोक त्यात वेबहुक नोड, म्हणजे बाहेरची हाक ऐकणारा वेब पत्ता असलेला टप्पा, ठेवतात आणि त्या पत्त्यावर विनंती पाठवतात. दोन्हीला ‘चालू करा’ लिहिलं तर वाचणारा अ‍ॅक्टिव्हेट मारून रिपोर्टची वाट बघत बसेल.

अपाची एअरफ्लो या वर्कफ्लो चालवणाऱ्या दुसऱ्या टूलमध्ये तर हा फरक अजून ठसठशीत दिसतो. हे टूल २०१४ मध्ये एअरबीएनबीत जन्मलं. त्यात डॅग (तिथला वर्कफ्लो) पॉज केलेला असताना तुम्ही ट्रिगर केलात तर रन तयार होतो पण रांगेत नुसता उभा राहतो, पॉज काढेपर्यंत हलत नाही. म्हणजे चालवला, पण चालू नाही! मराठीत हे वाक्य विचित्र वाटतं पण अगदी खरं आहे. माझं मत, अ‍ॅक्टिव्हेटला ‘चालू ठेवणे’ आणि रनला ‘एकदा पळवणे’. ‘कार्यान्वित करणे’ सुचवणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा आणि पुढे जा, कारण त्या शब्दातही दोन्ही अर्थ घुसतात.

‘की’बद्दल विचारलंय, एपीआय कीला, म्हणजे कॉल करणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या गुप्त कोडला, ‘किल्ली’ म्हणा हवं तर, बोलायला मस्त आहे. पण प्रत्येक कॉलच्या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीत) ती पाठवायची असते आणि त्या हेडरचं नाव ‘एक्स-एन८एन-एपीआय-की’ असंच लागतं, ते मात्र भाषांतर न करता जसंच्या तसं, इंग्रजी अक्षरांत. आणि एन८एनमधला ८ का हेही विचारलंत म्हणून, मूळ नाव नोडमेशन, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या पहिल्या आणि शेवटच्या एनच्या मध्ये आठ अक्षरं आहेत, म्हणून ‘एन-एट-एन’. ‘एन-आठ-एन’ म्हटलंत तरी कोण अडवतंय.

जुने वर्कफ्लो आवरायच्या तुमच्या त्या परिच्छेदाचं मी असं केलं असतं: ‘आधी एपीआयवरून सगळ्या वर्कफ्लोंची यादी मागवा. ज्यांची गरज नाही ते बंद करा, लगेच डिलीट करू नका. महिनाभर कोणी विचारलं नाही तर मग साहेबांना विचारून डिलीट करा. नवीन वर्कफ्लो बनवला की आधी एकदा पळवून बघा, आउटपुट बरोबर आलं तरच चालू ठेवा.’