बेळगावात राहून कॉम्प्युटर सायन्स आणि फायनान्स एकत्र शिकता येईल का?

येतं की. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कॉलेजात बी.ई. आणि सोबत इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. करता येईल. पण खानापूर-निपाणीहून रोज बसनं ये-जा असेल तर दोन्हींच्या परीक्षा लागोपाठ आल्या की जीव मेटाकुटीला येतो, हे आधीच सांगतो.

माझ्या मते दुसरी पदवी नसली तरी अडत नाही. गणित पक्कं करा. ऑप्शनची (म्हणजे ठरलेल्या भावानं शेअर पुढं घेण्या-विकण्याच्या हक्काची) किंमत काढणारं १९७३ चं ब्लॅक-शोल्स सूत्र पायथनमध्ये दहाएक ओळींत बसतं, पण त्यात अस्थिरता (भाव किती वर-खाली होतो ते) स्थिर का धरलीय आणि बाजारात ती तशी का राहत नाही, हे कळायला संभाव्यताशास्त्रच लागतं. आणि ताळेबंद वाचायला शिका. आम्हा कोडिंगवाल्यांची तिथंच बोंब असते.