वाचकांचे प्रश्न: खाणीची गोष्ट आणि जेरेमी डेलर

प्रश्न: खाणी बंद पडल्या आणि आमच्या गावात टिप्पर (खनिज वाहणारे ट्रक) दारात उभे राहिले. आमच्या नाट्यमंडळाला ही गोष्ट लोकांसमोर आणायची आहे. एका व्याख्यानात जेरेमी डेलर या ब्रिटिश कलावंताबद्दल ऐकलं. खाणकामगार आणि पोलीस यांच्यातली झटापट त्यानं शेकडो माणसं घेऊन पुन्हा घडवून आणली म्हणे. पण सगळं दुसऱ्यांनीच केलं, तर कलावंतानं काय केलं? आणि त्यातून आम्हाला काय घेता येईल?
— एक वाचक, डिचोली तालुका, गोवा

उत्तर: माणसं कुठली बोलवायची आणि कुणाला कुठं उभं करायचं हे ठरवणं, हेच डेलरचं काम. ज्यानं गावच्या उत्सवी नाटकाची पात्रं एकदा तरी ठरवली आहेत, त्याला हे काम किती जड असतं ते सांगावं लागणार नाही.

ती झटापट झाली १८ जून १९८४ रोजी. इंग्लंडच्या साऊथ यॉर्कशायरमध्ये ऑरग्रीव्ह इथं कोळशाचा कोक (पोलादाच्या भट्टीत लागणारं इंधन) करणारा कारखाना होता. सरकार खाणी बंद करायला निघालं म्हणून खाणकामगार संपावर गेले होते, आणि कोक नेणारे ट्रक अडवायला ते हजारोंनी तिथं जमले. समोर पोलीसही हजारोंनी होते. घोडेस्वार पोलीस जमावात घुसले, डोकी फुटली. दंगल आणि बेकायदा जमावाच्या आरोपांखाली ९५ जणांना कोर्टात खेचलं. पण पोलिसांची साक्ष टिकली नाही आणि पुढच्या वर्षी खटला कोसळला. बीबीसीच्या बातमीत दृश्यांचा क्रम उलटा लागला होता: आधी कामगारांचे दगड, मग घोडे. घोडे आधी आले, असं कामगार सांगत राहिले. १९९१ मध्ये पोलीस खात्यानं ३९ कामगारांना ४,२५,००० पौंड भरपाई दिली. टीव्हीवर ती दृश्यं पाहिली तेव्हा डेलर अठरा वर्षांचा होता.

१७ जून २००१ रोजी त्यानं ऑरग्रीव्हमध्येच तो दिवस पुन्हा उभा केला. आर्टएंजल या संस्थेनं पाठबळ दिलं, चित्रपट दिग्दर्शक माइक फिगिस यांनी चित्रीकरण केलं. सुमारे ८०० माणसं आली ती जुन्या लढायांचे प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळांतून. एरवी ही मंडळी रोमन सैनिक किंवा सतराव्या शतकातल्या यादवी युद्धातले शिपाई होतात. त्यांच्यासोबत सुमारे २०० जण खरे, त्या संपातले खाणकामगार. त्यातल्या काहींनी चक्क पोलिसांची ढाल हातात घेतली.

मला हे सगळं त्या ढालीपाशी कळलं. ज्याच्या पाठीत पोलिसांचा दांडका बसला होता, तो आता ढालीच्या मागून आपल्याच लोकांकडे बघतो आहे. असा प्रसंग कुठल्याही नाटककाराला एकट्यानं बसून लिहिता आला नसता. शिवाय लढायांच्या हौशी मंडळांना बोलावल्यामुळे, सतरा वर्षांपूर्वी मार खाल्लेल्या माणसांचा दिवस राजेरजवाड्यांच्या लढायांच्या रांगेत जाऊन बसला. ज्यांना सरकारनं ‘आतले शत्रू’ ठरवलं होतं, त्यांचा तो इतिहास झाला. कलावंतानं केलं ते हे, आणि माझ्या मते ते फार मोठं आहे.

आता आपल्याकडे येऊ. लढाई पुन्हा उभी करणं डिचोली-सत्तरीच्या माणसाला नवीन नाही. शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन ढोल-ताशांवर नाचणारी घोडेमोडणी काय आहे? पण तिच्यात विजयाची आठवण आहे आणि ती पिढ्यांच्या अंतरावरची आहे. तुमची गोष्ट नुकसानीची आहे आणि तिच्यातली माणसं अजून त्याच बसनं ये-जा करतात. म्हणून एक सांगतो: हे मांडावर, म्हणजे गावाच्या शिगम्याच्या पवित्र जागेवर, करू नका. मांडाचे नियम गावाचे आणि देवस्थानाचे, तिथं वाद ओढवून घेऊ नये. शाळेचं पटांगण किंवा बंद पडलेली जेटी बघा.

संहिता आधी लिहू नका. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या काळात टिप्परमालक कर्जाच्या हप्त्यांनी पिचला, बार्जवरचा खलाशी घरी बसला, गॅरेजवाल्याचं शटर खाली आलं. पण त्याच पट्ट्यात असेही शेतकरी आहेत ज्यांच्या वायंगणात (रब्बीच्या भातशेतीत) खाणमाती उतरली, ज्यांच्या विहिरी आटल्या आणि ज्यांना खाण थांबल्यावर हायसं वाटलं. नाटकवाले बहुतेक वेळा यातली एकच बाजू घेतात, कारण मंडळात तीच माणसं असतात. तुम्ही दोन्ही घरांत जा. प्रत्येकाला एक वस्तू मागा: ट्रिपची चिठ्ठी, बँकेची नोटीस, गाळ भरलेल्या शेताचा फोटो. डेलरनं ऑरग्रीव्हची कागदपत्रं आणि वस्तूही जपल्या, तो संग्रह आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. तुमच्या वस्तू गावच्या वाचनालयात राहिल्या तरी पुरे, फक्त मागे नाव, वाडा आणि साल लिहा.

मग टिप्परवाल्याला शेतकऱ्याची भूमिका द्या आणि शेतकऱ्याला टिप्परवाल्याची. तालमीत भांडण होईल, होऊ द्या. जे बोललं जाईल त्यातूनच संहिता येईल. मार्च २०१८ मध्ये खाण अवलंबितांनी पणजीत पूल अडवला आणि लाठ्या चालल्या, हा प्रसंग तुम्ही घेणारच. त्या दिवशी बंदोबस्ताला असलेला एखादा पोलीस आता निवृत्त होऊन तुमच्याच तालुक्यात राहत असेल. त्याच्याकडे सगळ्यांत आधी जा, शेवटी गेलात तर तो येणार नाही.

प्रश्न: मला चित्र काढता येत नाही. तरी अशी कला करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: येईल. डेलर कलाशाळेत गेला नाही, तो कलेचा इतिहास शिकला. १९९३ मध्ये आईवडील सुट्टीवर गेलेले असताना त्यानं त्यांच्या घरातच आपलं प्रदर्शन मांडलं. २००४ मध्ये त्याला टर्नर पारितोषिक हा ब्रिटनमधला कलेचा मोठा सन्मान मिळाला. त्याचं १ जुलै २०१६ चं काम नक्की शोधून बघ. पहिल्या महायुद्धातल्या सॉमच्या लढाईला त्या दिवशी शंभर वर्षं झाली. पहिल्याच दिवशी १९,२४० ब्रिटिश सैनिक तिथं मेले होते. कसलीही जाहिरात न करता, त्या काळच्या गणवेशातले शेकडो स्वयंसेवक देशभरच्या रेल्वे स्टेशनांवर आणि बाजारांत येऊन नुसते उभे राहिले. कुणी बोलायला गेलं की ते उत्तर न देता एक कार्ड पुढे करत. कार्डावर त्या दिवशी मेलेल्या एका सैनिकाचं नाव आणि त्याची पलटण. हे त्यानं लंडनच्या नॅशनल थिएटरचे तेव्हाचे संचालक रूफस नॉरिस यांच्यासोबत केलं. त्यात चित्र काढायची गरज कुणालाच पडली नाही. नावं शोधायला मात्र जुनी दप्तरं वाचावी लागली. तुला दप्तरं वाचायची चिकाटी असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यापासून सुरुवात कर. तिथली जुनी कागदपत्रं बरीचशी पोर्तुगीजमध्ये आहेत, तेव्हा ती भाषा जाणणारं घरातलं किंवा शेजारचं एखादं वडीलधारं माणूस सोबत घेऊन जा.