पाच ओळींच्या ब्राँझच्या हातात करार कुठे?

प्रश्न: स्पेनमधल्या जुन्या केल्टिबेरियन लोकांच्या ब्राँझच्या छोट्याशा हाताचा फोटो पाहिला, खाली 'पाहुणचाराचा करार' असं लिहिलं होतं. पण अक्षरं इनमीन पाच ओळी! एवढ्यात करार मावला कसा? आणि ती भाषा आज कुणीच बोलत नाही, मग वाचतात कशी?

उत्तर: तुम्ही पाहिलात तो बहुतेक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला 'फ्रोएनर तेसेरा' (तेसेरा म्हणजे ओळख पटवायला जवळ ठेवायचा छोटा तुकडा) असणार. त्यावर आहे 'लुबोस अलिसोकुम अवालो के कोन्तेबिअस बेलाइस्कस', म्हणजे कोन्त्रेबिया बेलाइस्का गावचा, अलिसोक कुळातला, अवालोचा मुलगा लुबोस. बस्स, एवढंच! अटी नाहीत, तारीख नाही. म्हणून मला 'करार' हा शब्द जरा जडच वाटतो, ही खरं तर ओळखीची खूण आहे, शब्द दिला तो तोंडी आणि परक्या गावात दारात उभं राहिल्यावर दाखवायला हा हात. असे तुकडे रानडुक्कर, बैल, मासा अशा आकारांचेही मिळालेत आणि बऱ्याच तुकड्यांची एक बाजू सपाट असते, दुसरा अर्धा भाग तिथे चिकटून बसावा म्हणून.

आता वाचनाचं. लिपी शेजारच्या इबेरियन लोकांकडून घेतलेली, ती स्पॅनिश अभ्यासक मानुएल गोमेस-मोरेनो यांनी 1920च्या दशकात उलगडली. तिच्यात क, त, ब सारख्या व्यंजनांना स्वरासकट एकच चिन्ह, त्यामुळे 'त्र'सारखं जोडाक्षर लिहायची सोयच नाही, म्हणून 'कोन्त्रेबिया'मधला र चक्क गळलाय बघा! शिवाय क आणि ग ला बहुतेक वेळा एकच चिन्ह, त्यामुळे इतर तुकड्यांवर वारंवार येणारा 'कोर्तिका' हा शब्द 'गोर्तिका'ही असू शकतो, आणि अर्थावरचे वाद इथूनच सुरू होतात. भाषा मात्र केल्टिक, आयरिशच्या नात्यातली, आणि लांबून संस्कृतच्याही! लुबोसचा 'ओस' म्हणजे 'रामः'मधला विसर्ग, आणि अलिसोकुमचा 'उम' म्हणजे 'देवानाम्'मधला आम्, अनेकवचनी षष्ठी. शब्द अनोळखी असला तरी प्रत्ययावरून कोण कुणाचा ते कळतं, सगळी भिस्त त्यावरच आहे.

आणि 'कार' हा छोटा शब्द लक्षात ठेवा, तो यातल्या बऱ्याच तुकड्यांवर येतो. आयरिशमध्ये 'कारा' म्हणजे मित्र, लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे प्रिय, म्हणून अनेक अभ्यासक त्याचा अर्थ स्नेह, पाहुणचाराचं नातं असा लावतात. मला तो पटतो, कारण तो शब्द गावाच्या किंवा कुळाच्या नावाला लागून येतो, म्हणजे 'अमक्या गावाशी स्नेह' असं सरळ वाचता येतं.