सोलोचं बटण आणि बुवांचे टाळ

प्रश्न : कॉलेजच्या बँडचं गाणं वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केलं, आता मिक्सिंग (सगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करणं) चाललंय. एकेक ट्रॅक सोलो करून (बाकीचे बंद ठेवून) ऐकला की झकास वाटतो, सगळे सुरू केले की नुसता चिखल. कोणतं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं आवाज सुधारणारं साधन) घेऊ? (बी.एस्सी., दुसरं वर्ष, सांगली)

एकही घेऊ नकोस. घोटाळा तुझ्या प्रश्नातच आहे. सोलोमध्ये प्रत्येक वाद्य भरदार हवंसं वाटतं. म्हणून तू गिटारला खालच्या सुरांचा भर दिलास, पेटीला दिलास, गायकालाही दिला असणार. तिघंही २०० ते ५०० हर्ट्झच्या एकाच खोलीत राहायला आली, आता पाय कुणालाच पसरता येत नाहीत.

सगळी प्लगइन बंद कर, सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकची आवाजाची पट्टी) खाली घे. आधी गायकाचा आवाज वर आण. मग ड्रम, बास, गिटार, पेटी एकेक करून चढव आणि शब्दांना धक्का लागायला लागला की थांब. अर्धा तास फक्त फेडर आणि पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे), तिसऱ्या कशाला हात लावायचा नाही. त्यानंतर गायकाच्या ट्रॅकला ८० हर्ट्झच्या आसपास लो-कट दे, म्हणजे त्याखालचं सगळं काप. तिथे पंख्याची घरघर आणि स्टँडला लागलेले पाय, एवढंच असतं. मग सगळं वाजत असताना गिटारमधून ३०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल काढून बघ. नंतर सोलो केलीस तर ती किरटी वाटेल. वाटू दे. ऐकणाऱ्याच्या फोनवर सोलोचं बटण नसतं.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलं. बुवांच्या माइकमध्ये टाळ इतके घुसलेत की आवाज जरा उजळ करायला गेलं की कानात सुया टोचतात. काय करावं? (संगीत शिक्षक, सोलापूर जिल्हा)

पत्रांच्या गठ्ठ्यात मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, कारण हा परदेशी व्हिडिओंत सापडत नाही.

पहिलं काम : टाळांचा स्वतंत्र माइक म्यूट करा. दचकू नका. बुवांच्या आणि पेटीच्या माइकमध्ये आलेले टाळ बहुतेक वेळा पुरून उरतात. दुसरं, बुवांच्या आवाजाला ३ किलोहर्ट्झच्या वर काहीही वाढवू नका. टाळांचा कडकपणा तिथूनच सुरू होतो. शब्द स्पष्ट हवे असतील तर उलट बाजूने या आणि २५०–४०० हर्ट्झमधला घुमारा थोडा कमी करा.

कॉम्प्रेसर जपून वापरा. तो बुवांचा मोठा आवाज दाबतो आणि मग आपण सगळी पातळी वर आणतो. त्यामुळे दोन ओळींच्या मधल्या जागेत टाळ उसळून वर येतात. गेट (आवाज लहान झाला की माइक बंद करणारं साधन) लावलात तर आणखी वाईट, टाळ उचकी लागल्यासारखे येतात-जातात. त्यापेक्षा हाताने ऑटोमेशन करा, म्हणजे फेडर कुठे खाली-वर व्हायचा ते गाण्यावर आखून ठेवा. बुवा श्वास घेतात तिथे ३-४ डेसिबल खाली, ओळ सुरू होण्याच्या किंचित आधी परत वर. एका अभंगाला तासभर लागेल, पण दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

खरा इलाज मात्र पुढच्या रेकॉर्डिंगच्या वेळी. टाळकरी बुवांच्या मागे उभे राहतात, म्हणजे बरोबर माइकच्या तोंडासमोर. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचंच ऐकणारा) पाठीमागून जवळपास बहिरा असतो. टाळकऱ्यांना बुवांच्या समोर, माइकच्या पाठीशी बसवा. मंडळी कुरकुरतील, एक चहा जास्त पाजा.

प्रश्न : पखवाजाला दोन्ही बाजूंनी माइक लावले. एकेक ऐकला तर दमदार, दोन्ही मिळून पत्र्याच्या डब्यासारखा. (आळंदी)

शाईवर थाप पडली की ते कातडं आत जातं आणि आतली हवा कणीक लावलेल्या दुसऱ्या बाजूचं कातडं बाहेर ढकलते. एका माइकला ओढ बसते, दुसऱ्याला धक्का. दोन्ही लहरी एकमेकींना खातात, आणि खालचा सूर सगळ्यात आधी जातो. कोणत्याही एका ट्रॅकवर फेज (लहरीची दिशा) उलटवायचं बटण दाब (गोलावर तिरकी रेघ असते ते). बटण दाबून आणि न दाबता ऐक, ज्यात दम जास्त, ते बरोबर. इक्यूला (खालचे-वरचे सूर कमीजास्त करायचं साधन) हात त्यानंतर. इथेही सोलोने फसवलंच होतं, बघ.

प्रश्न : होस्टेलवर राहते, स्पीकर लावता येत नाहीत. फक्त हेडफोनवर मिक्सिंग शिकता येईल का? (पुणे)

येईल, फक्त आवाज लहान ठेव. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात. मोठ्याने मिक्स केलं की पखवाज भरपूर वाटतो आणि आपण तो कमी करतो. मी नवखा असताना रात्री दोनपर्यंत असाच दणक्यात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या एका आजोबांच्या घरी चहा घेताना तेच हळू लावलं, तर आजोबा म्हणाले, ‘त्या दिवशी पखवाजवाले आले नव्हते का?’

हेडफोनवर डावा कान फक्त डावंच ऐकतो, त्यामुळे पॅन आहे त्याहून रुंद भासतो. मधूनमधून मोनो (डावं-उजवं एकत्र) करून ऐक आणि शेवटी फोनच्या स्पीकरवर.

प्रश्न : माझं गाणं सिनेमाच्या गाण्यापुढे बारीक वाटतं. लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देता मोठा करणारं साधन) किती चढवू? (नागपूर)

ती तुलनाच खोटी आहे. ते गाणं मास्टरिंग (मिक्सनंतरची शेवटची घासपूस) होऊन आलेलं असतं. ते तुझ्या प्रोजेक्टमध्ये ओढ आणि त्याचा फेडर दोन्ही सारखी ऐकू येईपर्यंत खाली घे. कधी ६, कधी १० डेसिबल लागतात. मग कळेल की फरक आवाजाच्या मोठेपणाचा नाही, गायक किती पुढे आहे याचा आहे. शिवाय स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) आसपास आणून वाजवतात. चेपून मोठं केलेलं तिथे खाली ओढलं जातं आणि चेपलेलंच राहतं.

प्रश्न : सरावाला ट्रॅक कुठून आणू? (अनेकजण)

‘केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजी’च्या संग्रहात शिकण्यासाठी शेकडो गाण्यांचे सुटे ट्रॅक फुकट मिळतात, ते धंद्यासाठी वापरायचे नाहीत. सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या, ६० दिवस पैसे न भरता पूर्ण वापरता येतं. एकच गाणं निवडा, आज फक्त फेडरवर मिक्स करा आणि फाइल ठेवून द्या. महिन्याने तेच गाणं कोऱ्या सेशनमध्ये पुन्हा करा, आणि दोन्ही सारख्या पातळीवर लावून ऐका. जुनं जास्त आवडलं तर ते कळवा, मला अशी पत्रं दर महिन्याला येतात.